डाव्या गालावर तीळ

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी पडताळणी केंद्राच्या चार नंबरच्या खिडकीतून एका बाईचा अर्ज परत आला. कारण एका ओळीत लिहिलं होतं: नोंदीतील ओळखीची खूण अर्जदाराच्या अंगावर आढळत नाही.

बाई बावन्न वर्षांची. सरकारी रुग्णालयाच्या शिवणखोलीत सव्वीस वर्षं चादरी, पडदे आणि शस्त्रक्रियेचे झगे शिवत होती. रुग्णालयात तिला सगळे शिवणताई म्हणत. नोंदवहीत तिच्या नावापुढे खूण होती, डाव्या गालावर तीळ. खिडकीमागच्या मुलीनं भिंग लावून तिचा डावा गाल पाहिला, मग उजवा, मग पुन्हा डावा.

"काढून टाकलात का?"

"नव्हताच."

"मग नोंदीत कुठून आला?"

कुठून आला ते शिवणताईला ठाऊक होतं. मागे रांगेत उभ्या असलेल्यांनाही ठाऊक होतं, पण त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. ती नोंद तिच्या वडिलांनी केली होती.

वडील आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत. चौतीस वर्षं ते नोंदणी कार्यालयात कारकून होते. गल्लीत त्यांना रकानेकाका म्हणतात, कारण नोकरीभर त्यांनी एकच गोष्ट घोकली आणि इतरांकडून घोकून घेतली: रकाना रिकामा ठेवायचा नाही. त्रेचाळीस वर्षांपूर्वी देशातल्या सगळ्या माणसांची पहिल्यांदा नोंद झाली तेव्हा तक्त्यात अकरा रकाने होते. दहावा ओळखीच्या खुणेचा. तो रिकामा असला की वरच्या कार्यालयातून अख्खा तक्ता परत यायचा. 'नाही' लिहिलं तरी परत यायचा. माणूस आहे म्हणजे कुठेतरी खूण असणारच, नीट शोधा, असा शेरा असायचा.

रांगेत दिवसाला दीडशे माणसं. कुणाची बाही वर करायची, कुणाची मान वळवायची, बायका तर खिडकीपाशी पदराआडून बोलायच्या. रकानेकाकांनी पहिल्याच आठवड्यात तोड काढली. पुरुष असेल तर उजव्या गालावर तीळ, बाई असेल तर डाव्या. तक्ते परत येणं बंद झालं. वर्षअखेरीस त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं, ते बाहेरच्या खोलीत घड्याळाखाली अजून टांगलेलं आहे. त्यांच्या हातून अकरा हजारांवर नोंदी झाल्या. दहावा रकाना नंतर कुणी वाचला नाही.

मागच्या उन्हाळ्यात तो पहिल्यांदा वाचला गेला. सरकारनं ठरवलं की प्रत्येकाला नवं कार्ड मिळेल, पण ते जुन्या नोंदीशी माणूस ताडून पाहिल्यावरच. ज्याची नोंद जुळणार नाही तो अनोंदित. अनोंदिताला मत नाही, सरकारी नोकरी नाही, आणि त्याला कुठे पाठवायचं याचा निर्णय पुढे होणार होता.

केंद्राच्या समोर एका गाळ्यात गोंदणवाला बसतो. कॉलेजातल्या पोरांच्या दंडांवर वाघ नि विंचू काढणं हा त्याचा धंदा. पडताळणी सुरू झाल्यावर आठवड्याभरात तो सकाळी सातला गाळा उघडू लागला. बायकांना डावीकडे बसवायचा, पुरुषांना उजवीकडे. एका ठिपक्याला दोन मिनिटं. "लग्नाला कुणी एवढं नटत नाही," असं तो प्रत्येकाला म्हणायचा आणि प्रत्येक जण हसायचा. दोन महिन्यांत गल्लीतल्या जवळजवळ सगळ्या गालांवर तीळ आला. बेकरीवाली, तिचा नवरा, दोन निवृत्त शिक्षक, चप्पल शिवणारा, सगळे खिडकीतून कार्ड घेऊन बाहेर पडले.

पुढचं कुणी ठरवून केलं नाही. बेकरीवालीच्या नातवानं विचारलं, आजी हे काय, तर ती म्हणाली, जन्माचा आहे, माझ्या आईलाही होता. चार दिवसांनी तिनं हेच गिऱ्हाइकाला सांगितलं, तेव्हा तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसलेला दिसत होता. गल्ली समितीचे अध्यक्ष पूर्वी बसचालक होते. त्यांनी वार्षिक सभेत सांगितलं की ही खूण आपल्या माणसांची आहे, पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, ती पुसता येत नाही. टाळ्या पडल्या. मागच्या चाळीत वीस-पंचवीस घरं दुसऱ्या गावाहून येऊन राहिलेली होती. त्यांच्या नोंदी दुसऱ्या कारकुनानं केल्या होत्या, आणि तो बहुधा बाह्या वर करून बघत असे, कारण त्यांच्या कागदांवर खऱ्या खुणा होत्या. त्यांनाही कार्डं मिळाली. पण गल्लीत त्यांना 'बिनतिळाचे' म्हणू लागले. समितीच्या पाण्याच्या टाकीवर त्यांची पाळी शेवटची लागली.

शिवणताई या सगळ्यापासून लांब राहिली. तिचा धाकटा भाऊ समितीचा सचिव. त्यानं दोनदा सांगितलं, ताई, दोन मिनिटांचं काम आहे, येता येता करून ये. तिनं सांगितलं, बाबा आहेत ना, ते येऊन सांगतील की नोंद चुकली. शिवणखोलीत शस्त्रक्रियेच्या झग्याला भोक पडलं तर ते रफू करायचं नाही, असा नियम आहे. झगा बाद करायचा आणि तसं लिहून द्यायचं. सव्वीस वर्षं तिनं तेच केलं होतं. नोंदीचंही तसंच असेल, असं तिला वाटत होतं.

मग केंद्रात भिंगं आली आणि स्पिरिटचे बोळे आले. चप्पल शिवणाऱ्याच्या भावानं घाईत चुकीच्या गालावर ठिपका काढून घेतला होता, तो पकडला गेला. त्या महिन्याच्या एक तारखेपासून नवं गोंदण म्हणजे फसवणूक, असा आदेश निघाला. ज्यांची कार्डं आधी निघाली होती त्यांना कुणी हात लावला नाही. शिवणताईचा नंबर लागला तो त्याच महिन्याच्या बाराव्या तारखेला, मंगळवारी.

अर्ज परत करताना मुलीनं सांगितलं की पंधरा दिवसांत अपील करता येईल. पुरावा एकच चालेल. ज्यानं नोंद केली त्याचा जबाब, तो हयात असेल तर. त्या वेळच्या सात कारकुनांपैकी एकच हयात होता. अपिलासाठी तिनं कुटुंबाच्या नोंदीची नक्कल मागितली. ती तिला तासाभरानं मिळाली. केंद्राच्या पायरीवर बसून तिनं ती वाचली.

चार ओळी होत्या, वडिलांच्या वळणदार अक्षरात. पहिली त्यांची स्वतःची: उजव्या गालावर तीळ. दुसरी आईची: डाव्या गालावर तीळ. आई जाऊन आठ वर्षं झाली, तिच्या गालावर काय होतं नि काय नव्हतं हे शिवणताई शपथेवर सांगू शकली असती. तिसरी ओळ तिची. तिथे तीळसुद्धा लिहिलेला नव्हता. तिथे होतं, 'वरीलप्रमाणे'. चौथी ओळ धाकट्याची. 'हनुवटीच्या डाव्या अंगाला, ओठाखाली पाऊण इंचावर, आडवी, अर्धा इंच लांब, टाके पडलेल्या जखमेची खूण.' रकान्यात मावेना म्हणून अक्षर बारीक केलं होतं, तरी दुसरी ओळ समासात गेली होती.

धाकट्याचं काम त्या खिडकीवर चार मिनिटांत झालं होतं.

ती घरी आली तेव्हा वडील खिडकीशी पेपर वाचत होते, ओळीखाली पट्टी धरून. तिनं नक्कल पेपरावर ठेवली. त्यांनी ती पट्टी धरूनच वाचली. ती त्यांच्या समोर उभी होती आणि उजेड त्यांच्या उजव्या गालावर पडत होता. तिथे एक काळा ठिपका होता. गेले कित्येक महिने ती त्याला म्हातारपणाचा डाग समजत होती. धाकटा त्यांना मागच्या उन्हाळ्यात डोळे तपासायला म्हणून घेऊन गेला होता. त्या दिवशी चष्म्याचा नंबर बदलला नव्हता.

तिनं डाव्या हाताची बाही वर सरकवली. मनगटाच्या आतल्या बाजूला एक गोल, गुळगुळीत, फिकट डाग आहे, शर्टाच्या बटणाएवढा. पाच वर्षांची असताना आईनं तिला डबा देऊन वडिलांच्या कार्यालयात पाठवलं होतं. वडील लखोट्यांवर लाखेची मोहोर करत होते. तिनं हात पुढे केला आणि उकळत्या लाखेचा थेंब त्यावर पडला.

"तेव्हा कोण होतं तिथे?" तिनं विचारलं.

"मीच होतो. हात पाण्यात बुडवून धरला होता मी. बराच वेळ."

"मग हे का नाही लिहिलं?"

वडिलांनी पट्टी घडीवर सरळ केली. "कार्यालयात मूल कसं आलं, असं विचारलं असतं."

"आणि धाकट्याची हनुवटी?"

"ती आपल्या पायरीवर फुटली होती. त्यात लपवण्यासारखं काय होतं?" मग ते म्हणाले, "शिवाय त्याला पुढे नोकरी करायची होती."

ती म्हणाली की नोकरी तीही करते. ते म्हणाले, तेव्हा कुणाला माहीत होतं.

अपिलाची तारीख शुक्रवारची मिळाली. त्याआधीच्या रविवारी सकाळी चौघं घरी आले: अध्यक्ष, बेकरीवाली, दोघांपैकी एक निवृत्त शिक्षक आणि सचिव म्हणून धाकटा. धाकटा स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसला. अध्यक्षांनी बरंच आडून आडून सांगितलं. सार एवढंच होतं की एक नोंद खोटी ठरली तर त्या हाताच्या अकरा हजार नोंदी खोट्या ठरतील, भिंगं पुन्हा बाहेर निघतील, आणि या वेळी कार्डं मिळालेल्यांचे गाल तपासले जातील. शिक्षक म्हणाले की शिवणताई समजूतदार आहे. त्यांनी तिला चौथीत शिकवलं होतं. पहिल्या तक्त्यावर तिचं वय तपासायला रकानेकाकांनी शाळेचा दाखला त्यांच्याकडूनच नेला होता.

बेकरीवाली आडपडदा ठेवणारी नाही. "ताई, तुझ्या एका गालासाठी आमचे सगळ्यांचे गाल धुवायला लावू नकोस."

"तुझा तीळ मला माहीत आहे, मावशी," शिवणताई म्हणाली. "मागच्या उन्हाळ्यापासून ओळखते मी त्याला."

बेकरीवालीचा हात गालाकडे गेला. ती रागावली, आणि तो राग खरा होता. तिनं म्हटलं की जन्माच्या खुणेवरून कुणी असं बोलत नाही. निघताना तिनं दारातच धाकट्याला विचारलं, म्हणजे हळू आवाजात पण ऐकू जाईल असं, की तुमची ताई त्या बिनतिळाच्यांमध्ये ऊठबस करते का हल्ली.

धाकटा मागे राहिला. बहिणीकडे न बघता त्यानं सांगितलं की कार्ड नसलं तरी घर आहे, ती रस्त्यावर येणार नाही, दोन वेळचं तो बघेल. ती म्हणाली, माझं मी सव्वीस वर्षं बघितलं आहे. तो म्हणाला, तसं नाही गं. रकानेकाका सगळा वेळ तिथेच होते.

शुक्रवारी साडेअकराला सुनावणी झाली. खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक पंखा, जो कागद उडू नयेत म्हणून बंद ठेवला होता. अधिकारी तिशीचा, नीट बोलणारा. त्यानं रकानेकाकांना आधी बसायला सांगितलं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि मूळ नोंदवही बघायला मिळेल का, असं विचारलं. शिपायानं ती दोन्ही हातांनी आणली. काकांनी पानं उलटली. त्रेचाळीस वर्षांत शाई कुठे पसरली नव्हती, एकही खाडाखोड नव्हती.

"अक्षर सुंदर आहे," अधिकारी म्हणाला.

काका खुर्चीत ताठ झाले. नोकरी सोडल्याला तेवीस वर्षं झाली होती. तेव्हापासून हे कुणी म्हटलं नव्हतं.

अधिकाऱ्यानं विचारलं की नोंदी माणसं प्रत्यक्ष पाहून केल्या का. शिवणताई वडिलांच्या डाव्या हाताला बसली होती. तिला त्यांचा उजवा गाल दिसत नव्हता.

"प्रत्येक नोंद मी पाहून केली आहे," ते म्हणाले.

"ही तुमची मुलगी?"

"हो."

"मग नोंदीतली बाई हीच का?"

काकांनी बोट तिसऱ्या ओळीवर ठेवलं. "नोंदीत जे लिहिलं आहे ते बरोबर आहे."

"नोंदीत तीळ आहे. यांना तीळ नाही. दोन्ही बरोबर कसं असेल, काका? मग या बाई कोण?"

"ते मी कसं सांगणार?" रकानेकाका म्हणाले. "ते तुमच्या खात्याचं काम आहे."

शिवणताईनं बाही वर करून मनगट टेबलावर, नोंदवहीशेजारी ठेवलं. अधिकाऱ्यानं पाहिलं आणि विचारलं, हे कशाचं. तिनं सांगितलं की लाखेचं, जुन्या नोंदणी कार्यालयातल्या, आणि ती लाख हातावर पडली तेव्हाचा साक्षीदार तुमच्यासमोर बसला आहे. अधिकाऱ्यानं काकांकडे पाहिलं. काका नोंदवही बंद करून तिची कड टेबलाच्या कडेशी जुळवत होते. अधिकाऱ्यानं समोरचा छापील तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. नोंदीत असलेली खूण अंगावर आहे की नाही, एवढाच रकाना त्यावर होता. अंगावर असलेली पण नोंदीत नसलेली खूण लिहायला जागा नव्हती. त्यानं ती लिहिली नाही.

दोघं एकाच बसनं घरी आले. चढताना तिनं सवयीनं त्यांचा दंड धरला. बसमध्ये ते म्हणाले, "अकरा हजार माणसं आहेत, पोरी."

"त्यात मला धरलंय का?"

थांबा आला, तिनं त्यांना उतरवून घेतलं.

त्यानंतरच्या घडामोडी कागदावर आहेत. सोमवारी रुग्णालयाच्या अधीक्षकांनी तिला बोलावून सांगितलं की पहिल्या तारखेपासून दारावर कार्ड पाहिलं जाईल आणि त्यांचे हात बांधलेले आहेत. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्यांनी चहा मागवला. शिवणखोलीची किल्ली मदतनीस बाईकडे गेली. ती मागच्या चाळीत राहते आणि तिच्या कार्डावर उजव्या पायाच्या करंगळीचं नख नसल्याची नोंद आहे. शिवणताईनं अर्धवट राहिलेल्या सतरा झग्यांवर खडूनं खुणा करून दिल्या. गल्लीत तिच्याशी बोलणं कुणी सोडलं नाही, पण पाण्याच्या टाकीवर तिची बादली शेवटच्या रांगेत सरकली. कुणी सरकवली ते कळलं नाही. तिथे उभ्या असलेल्या बिनतिळाच्या बायकांनी तिला जागा दिली. एकीनं विचारलं, तुम्ही तर इथल्याच ना? शिवणताईनं बादली उचलून त्यांच्या बादल्यांशेजारी ठेवली.

अपिलाचा निकाल बुधवारी लागला. अर्जदार नोंदीतील व्यक्तीशी जुळत नाही, म्हणून अर्जदार अनोंदित. त्याखाली आणखी एक परिच्छेद होता. नोंदीतील व्यक्ती, म्हणजे डाव्या गालावर तीळ असलेली बाई, अद्याप पडताळणीसाठी आलेली नाही. तिच्या मृत्यूची नोंद नाही, स्थलांतराचीही नाही. सबब तिचा शोध घेण्यात यावा.

त्या बाईच्या नावाची नोटीस गुरुवारी दुपारी बारा चाळीसला पोस्टमननं आणली. पत्ता याच घराचा होता. येत्या नऊ तारखेला सकाळी अकरा वाजता खुणेसह चार नंबरच्या खिडकीवर हजर राहावे, न राहिल्यास नोंद रद्द होईल. शिवणताई घरात नव्हती. पोस्टमन नवा होता, त्यानं विचारलं की या नावाची बाई इथे राहते का. रकानेकाका हो म्हणाले आणि त्यांनी पोचपावतीवर सही केली. पावतीवर शेवटचा रकाना नोटीस घेणाऱ्याच्या नात्याचा असतो. पोस्टमन म्हणाला, तो राहू द्या, कुणी बघत नाही. काकांनी पेन परत मागून घेतलं आणि त्यात 'वडील' असं लिहिलं.

नोटीस जेवणाच्या टेबलावर चष्म्याच्या डबीखाली ठेवलेली आहे. शिवणताईनं ती वाचली आहे.

गोंदणवाला सांगतो की ती काल दुपारी एकदा त्याच्या गाळ्यात आली, डाव्या बाजूच्या खुर्चीत बसली आणि सूज उतरायला किती दिवस लागतात असं तिनं विचारलं. त्यानं सांगितलं, चार. मग तो हात धुवायला मागे गेला. परत आला तेव्हा खुर्ची रिकामी होती.

आज तीन तारीख आहे.